खारी रेघ

१

सकाळी उठलो की मी आधी पाणी पितो. चहा नंतर. रात्री माठातलं पाणी तांब्यात काढायचं, वर फुलपात्र पालथं घालायचं, अन् सकाळी ओट्यावर बसून सावकाश प्यायचं. माझा बाप असाच प्यायचा. तांब्या भरून ठेवायचं काम माझ्या बायकोचं, साळूबाईचं. ती गेली तेव्हापासून माझं.

घर साधं आहे. स्लॅबचं. एकामागे एक तीन खोल्या: पुढची, मधली, अन् मागे स्वयंपाकघर. मागचं दार मोसंबीच्या बागेत उघडतं. शहागडचा पूल इथून दिसत नाही, पण पुलावरचे ट्रक ऐकू येतात. शिमग्यापासून मी एकटा राहतो. मला एकटं राहता येतं.

त्या सकाळी पाणी खारट लागलं.

मी थुंकलो नाही. घोट गिळला, फुलपात्र खाली ठेवलं अन् विचार केला. उन्हाळ्यात बोअर खोल जातो, पाणी मचूळ होतं. हे नवीन नाही. पण मचूळ वेगळं अन् हे वेगळं. भाजीत दोनदा मीठ पडावं तसं हे होतं. माठ ओतला, घासला. बोअर चालू करून पाइपाला तोंड लावलं. पाणी गोड. तेच माठात भरलं, माठातून तांब्यात काढलं. खारट.

बेबीनंदा भाकरी घेऊन आली. बांधापलीकडे राहते. साळूची मैत्रीण, तोंडाची फटकळ. साळू गेल्यापासून मला न विचारता भाकरी आणते. मी फुलपात्र तिच्यापुढे केलं.

"पिऊन बघ."

ती सगळं प्यायली. "काय झालं? गोड हाय की."

"खारट न्हाई लागत?"

"एकट्यानं ऱ्हाऊन ऱ्हाऊन जिभेला गंज चढला तुमच्या, भाऊ. गूळ खा."

"जीभ माझी बराबर आहे."

"मंग माठाला इचारा काय झालं त्याला," म्हणाली अन् गेली.

मी फुलपात्र उचललं. साळूच्या लग्नातलं ते. काठाखाली नाव कोरलेलं आहे: सौ. साळूबाई रामराव. अक्षरांच्या खाचांत पांढरं काहीतरी बसलं होतं. नखानं खरवडून जिभेवर ठेवलं.

मीठ.

२

साळू कशानं गेली ते आधी सांगतो.

आमचे जावई आदिनाथ. माझ्या एकुलत्या लेकीचे, वंदनाचे यजमान. मोठे शिकलेले. जालन्यात त्यांचा शेवाळाचा कारखाना आहे. समुद्रातलं शेवाळ. लांब दक्षिणेकडून वाळवून पोत्यांनी येतं. इथं त्याचा अर्क काढून बाटल्या भरतात. कपाशीवर, मोसंबीवर फवारायला. मागे आमच्या बागेनं मान टाकली होती. जावयांनी बाटल्या पाठवल्या, मी फवारा मारला. बागेला असा फुटवा आला की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून विचारत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

पुढे साळूच्या छातीत गाठ निघाली, संभाजीनगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, अन् जावई म्हणाले, "मामा, घाई करू नका," तेव्हा म्हणूनच त्यांना कोणी अडवलं नाही. ज्यानं वाळलेली बाग उठवली त्याचा शब्द आमच्या भागात डॉक्टरच्या वर धरतात.

स्वयंपाकघरात बसून त्यांनी साळूला समजावलं. "मामी, ह्या शेवाळात गाठ मारणारी चीज आहे. मोठमोठे लोक तपासून राह्यले. बशीत गाठीचा तुकडा ठेवला, वर ह्याचा अर्क टाकला. तुकडा मेला."

साळूनं विचारलं, "बशीत मेला. बाईत मेला का?"

जावई हसले. "ते बी व्हईल. पहिल्या तुम्ही."

मग ती भुकटी सुरू झाली. हिरवट काळी, गरम पाण्यात कालवून, याच फुलपात्रातून. दिवाळीच्या आधी तिला थोडं बरं वाटलं. ती बागेत फिरून आली. जावयांनी मोबाइलमध्ये तिचं बोलणं धरून ठेवलं. थंडी सुरू झाली अन् गाठ फुटली. डॉक्टर म्हणाले, आता काय आणलंत.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी जावयांना एकच विचारलं. "झाडाला फुटवा आणतं ते गाठीला का आणणार न्हाई?"

"झाडाचा विषय वेगळा आहे, मामा," ते म्हणाले, अन् फोन आला म्हणून बाहेर गेले.

मधल्या खोलीत, खाटेवर, साळू गेली. शेवटी शेवटी तिला पाणी खारट लागायचं. मी म्हणायचो, गोड आहे गं, पी. ती माझ्याकडे बघायची अन् तोंड फिरवायची.

बेबीनंदा मला गोड हाय म्हणाली तेव्हा मला ते तोंड फिरवणं आठवलं.

३

दहावा गोदावरीच्या काठावर केला. पिंड मांडले. आमच्यात मानतात की पिंडाला कावळा शिवला म्हणजे जीव सुटला. नाही शिवला तर मेलेल्या माणसाचं काही राहिलेलं असतं. ते ओळखायचं अन् तसा शब्द द्यायचा.

बाभळीवर कावळे बसले होते. एकही उतरेना. ऊन चढलं. माझा चुलत भाऊ संपत पुढे झाला. "वहिनी, वंदनाचं बाळंतपण आम्ही नीट करू." कावळे बसून राहिले. कोणी म्हणालं, तुळशीला पाणी घालू. कोणी म्हणालं, मोसंबीचा पहिला तोडा देवाला देऊ. काही नाही. मग आदिनाथ आले. हात जोडले. "मामी, काळजी करू नका. मामांना मी सांभाळीन."

बाभळ एकदम रिकामी झाली. एकूण एक कावळा उडून गेला.

माणसं चुळबुळ करायला लागली. दर्भाचा कावळा करून शिवून टाकू, असं कोणी म्हणालं. मी म्हणालो, थांबा. एकटा पिंडाजवळ गेलो, उकिडवा बसलो. मला माहीत होतं तिचं काय राहिलं आहे. माझंही तेच राहिलं होतं.

"त्यानं तुला जे पाजलं," मी हळू म्हणालो, "ते मी त्याला पाजीन. माझ्या हातानं."

कावळा आला. झाडावरून नाही. नदीच्या बाजूनं, वाळूवरून चालत आला. पंख भिजून अंगाला चिकटले होते. मागे वाळूत ओली रेघ उमटत होती. पिंडाला चोच लावली अन् परत पाण्याकडे चालत गेला.

"शिवला, शिवला," म्हणत माणसं उठली. कपडे झटकायला लागली. मी बघत राहिलो. तो कावळा पाण्यात गेला. उडताना मी त्याला पाहिलं नाही.

४

पाण्यानंतर भिंत.

मधल्या खोलीत जमिनीपासून घोट्याएवढ्या उंचीवर पांढरी रेघ दिसली. भिंतीला ओल चढली की पोपडा धरतो, हे मला कळतं. हे घर मी उभं राहून बांधून घेतलं आहे. पण ओल कुठे जास्त चढते, कुठे कमी. ही रेघ चारही भिंतींवर सारखी होती, गवंड्यानं दोरी धरून मारावी तशी. अन् वैशाखात ओल कुठली? बाहेर माती तडकली होती.

मी रेघ ओल्या फडक्यानं पुसली. पुन्हा उमटली तेव्हा पोटरीएवढी वर होती. नंतर गुडघ्याएवढी.

दुपारी जेवून मी त्याच खोलीत खाटेवर पडतो. तिथं आवाज यायला लागला. आधी ट्रक वाटला. ट्रक येतो, आवाज वाढतो, निघून जातो. हा आवाज येत होता, वाढत होता, अन् मग मागे ओढला जात होता. जाताना खडे घासत न्यावेत तसा. मी उठून बागेत गेलो. बागेत फक्त ट्रक ऐकू येत होते. खोलीत परत आलो. पुन्हा तोच, खाटेखालून.

कानात मळ झाला असेल म्हणून तेल घातलं. आवाज कमी झाला नाही.

बेबीनंदाची एक कोंबडी अंडं घालायला आमच्या खाटेखाली यायची. साळूनं तिला सवय लावली होती. एका दुपारी मी झोपून उठलो तर कोंबडी खाटेखाली आडवी पडली होती. पायाला धरून बाहेर काढली. पिसं भिजून गोळा झालेली. चोच खाली झाली तशी चोचीतून पाण्याची धार लागली.

बेबीनंदा दारात उभी होती. "बुडवून मारली माझी कोंबडी?"

"मी कशाला बुडवू?"

"मंग आभाळातनं पडलं का पाणी? अजून गळून राह्यलं बघा. एका अंड्यासाठी जीव घेतला व्हय मुक्या जनावराचा?"

"खाली बघ," मी म्हणालो.

ती वाकली. खाटेखालची जमीन कोरडी होती. धुळीत कोंबडीच्या पायांचे ठसे होते, ते पुसलेसुद्धा नव्हते. बेबीनंदानं जमिनीला हात लावला, बोटं चोळली, माझ्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून बाहेर गेली. कोंबडी नेली नाही. त्या दिवसापासून ती भाकरी बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायला लागली.

मी खोलीत बसून हिशोब लावला. रेघ आता खाटेच्या जरा खाली होती. कोंबडी रेघेच्या खाली होती. मी खाटेवर, रेघेच्या वर होतो.

त्यानंतर मी त्या खोलीत जमिनीवर काही ठेवलं नाही. वहाणासुद्धा नाही.

५

औषधाचा डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर होता. तळाशी मूठभर भुकटी उरली होती. ती मी मुद्दाम ठेवली होती. शब्द दिला होता.

डबा खाली यायला लागला. फळीवर ठेवून बागेत जावं, परत येईपर्यंत ओट्यावर. शेजारी फुलपात्र, त्यात चमचा. मी दाराला कुलूप लावून गेलो. तरी ओट्यावर. म्हातारपणी माणूस ठेवलेली वस्तू विसरतो, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण मी काही विसरत नाही. माझी तीच तर खोड आहे.

शेवटी झाकण उघडलं.

भुकटी नव्हती. डबा काठोकाठ भरला होता. ओलं, हिरवंकाळं, बोटाएवढ्या फांद्या एकात एक गुंतलेल्या, आताच पाण्यातून काढल्यासारख्या ताज्या. दळलेली वस्तू परत उगवत नसते. पिठातून गहू उगवत नाही. हे कळायला मला शाळा लागली नाही. मी एक बोट आत घातलं.

ते बोटाभोवती वळलं. पोर बोट धरतं तसं.

मी हात काढून घेतला. झाकण लावलं.

"ध्यानात आहे माझ्या," मी म्हणालो. घरात कोणी नव्हतं.

यंदा धोंड्याचा महिना जेठात आला. या अधिक महिन्यात जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, सासऱ्यानं पाय धुवायचे, सासूनं वरून पाणी घालायचं, अन् पुरणाचे धोंडे जेवू घालायचे. जावई त्या दिवशी विष्णूच्या ठिकाणी. सासरा देईल ते त्यानं घ्यायचं असतं. पाटावर बसलेला जावई सासऱ्याच्या हातातलं काही परत करत नाही.

बेबीनंदा कट्ट्यावरून ओरडली, "वरीस व्हायचंय अजून, भाऊ! अन् धोंडे? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी पाजलं न्हाई तिला," मी म्हणालो.

६

धोंड्याचं आवतण फोनवर देत नसतात. मी एसटीनं जालन्याला गेलो.

कारखान्याचं ऑफिस थंडगार होतं. काचेचं दार. भिंतीवर हा एवढा टीव्ही. टीव्हीवर समुद्र. बाया कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून शेवाळ ओढून काढत होत्या, पाठीवरच्या पोत्यात टाकत होत्या. आवाज मोठा ठेवला होता. आवाज आला, वाढला, अन् खडे घासत मागे गेला.

मी खुर्चीचा दांडा धरला.

"मामा, पहिल्यांदा पाह्यला ना समुद्र?" आदिनाथ पाया पडून म्हणाले.

"पाह्यला आज. ऐकून राह्यलो कधीचा."

ते हसले. त्यांना काही कळलं नाही. तेवढ्यात टीव्हीवरचा समुद्र गेला अन् साळू आली. मधल्या खोलीत खाटेवर बसलेली, डोक्यावर पदर. अंगात जीव होता तेव्हाची. "मला आराम हाय," साळू म्हणाली. खाली अक्षरं आली. नंतर पुड्या दाखवल्या. पुड्यांवर साळूचा फोटो होता.

"हे काय, जावई?"

"मामींचा आशीर्वाद आहे, मामा. आता फवाऱ्यापेक्षा हेच जास्त जाऊन राह्यलं. गाठ, गुडघे, साखर, सगळ्याला. बिना दुखण्याच्या माणसानं बी घ्यावं असं आहे."

"मेलेल्या बाईला आराम हाय?"

त्यांनी आवाज खाली घेतला. "तेव्हा होता ना, मामा. खोटं बिलकुल न्हाई त्याच्यात. माणसाला भरोसा लागतो. घरचं माणूस बोललं की भरोसा बसतो."

टीव्हीवर पुन्हा समुद्र, पुन्हा साळू. मी या वेळी तिच्या मागची भिंत पाहिली. दिवाळीआधी ती भिंत मी रंगवून घेतली होती. कोरी होती. टीव्हीवर तिच्यावर पांढरी रेघ होती. साळूच्या हनुवटीला लागून. पदराची टोकं पाण्यात तरंगावीत तशी हलत होती.

"भिंतीवर रेघ कसली आहे?"

"कुठं?" आदिनाथ टीव्हीजवळ गेले, डोळे बारीक करून पाहिलं. "काही न्हाई, मामा. चष्म्याचा नंबर बदलून घ्या."

मी आवतण दिलं. ते जरा घुटमळले. "वर्षाच्या आत, मामा? चालतं का?"

"तुमच्या मामीची इच्छा राह्यली आहे," मी म्हणालो. "वंदनाला आधी पाठवा."

७

वंदना आदल्या दिवशी आली. पोट दिसायला लागलं होतं. लग्नानंतर फार वर्षांनी राहिलेलं. आल्या आल्या मधल्या खोलीत जाऊन खाटेवर बसली, उशी छातीशी धरली.

"दादा, आईचा वास येऊन राह्यला इथं. तुम्हाला येतो का?"

मला ओल्या पोत्याचा वास येत होता. "येतो," मी म्हणालो. "पाय वर घेऊन बस."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

ती हसली अन् मांडी घालून बसली. अगदी तिच्या आईसारखी. तिचा एक हात पोटावर होता. तेव्हा मला वाटलं, पुरे. पोरीच्या पोराला बाप लागतो. मी स्वयंपाकघरात जाऊन डबा उचलला अन् वर माळ्यावर, जुन्या पेटीमागे टाकून दिला. शिडी काढून बाहेर ठेवली.

सकाळी डबा ओट्यावर होता. झाकण शेजारी. वंदनानं शिजत घातलेल्या पुरणाजवळ.

मग मी दुसरा विचार केला नाही. सुक्या तोंडानं दिलेला शब्द नव्हता तो. नदीकाठी पिंडापुढे बसून दिला होता.

आदिनाथ दुपारी आले. नवा शर्ट, कपाळाला टिळा. पुढच्या खोलीत पाट मांडला, पाटाभोवती वंदनानं रांगोळी काढली. समोर परात ठेवली, बाजूला तांब्या.

"पाणी कोण घालणार, दादा?" वंदनाचा आवाज बारीक झाला. "आई न्हाई."

"मीच घालीन, मीच धुवीन. तू धोंडे बघ."

ती आत गेली. मी परातीपुढे बसलो. जावयांनी पाय परातीत ठेवले. मऊ, गोरे पाय. मी तांब्याकडे हात नेला. तांब्या जागेवर नव्हता.

पाणी पडायला लागलं.

वरून, माझ्या उजव्या खांद्याच्या मागून, बारीक एकसारखी धार. एक थेंब बाहेर न सांडता. साळू अशीच पाणी घालायची. मी मान वर केली नाही. पण धारेच्या मागे हात होता, तो मनगटापर्यंत दिसला. हिरवा चुडा, आम्ही तिला भरून पाठवला तोच. मनगटावर गोंदलेली तुळस. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती, दिवसभर धुणं धुतल्यावर होतात तशी. नखांत हिरवं होतं.

माझं काम पाय धुण्याचं. मी पाय धुतले.

पाय थंड पडले होते. आदिनाथ माझ्या डोक्यावरून बघत होते.

"मामी," ते म्हणाले.

म्हणजे मला एकट्यालाच दिसत होतं असं नव्हतं. माझी जीभ बरोबर होती, कान बरोबर होते. मला तेवढं पुरलं. मी मागे वळून पाहिलं नाही.

वंदना ताट घेऊन बाहेर आली. धार थांबली. तांब्या परातीशेजारी होता. "झालं पण पाय धुऊन?" ती म्हणाली. "अन् हे काय, चेहरा का पडला तुमचा? ऊन लागलं का?"

"पन्हं देतो त्यांना," मी म्हणालो. फुलपात्र भरून तयार ठेवलं होतं. त्यांच्या हातात दिलं. त्यांनी काठाखालचं नाव वाचलं. मग वास घेतला.

"मामा, ह्याच्यात काय आहे?"

"तुमचं औषध. पन्ह्यात कालवलं."

"मला कशाला? मला काही झालं न्हाई."

"बिना दुखण्याच्या माणसानं बी घ्यावं, तुम्हीच म्हणाले."

वंदना हसली. "घ्या ना! दुनियेला पाजता, स्वतः कधी घेताना पाह्यलं न्हाई तुम्हाला." ती थट्टेनं बोलली. बोलून झाल्यावर तिचं हसू हळूहळू थांबलं. ती नवऱ्याकडे बघत राहिली. "खरंच," ती म्हणाली. "एकदा बी न्हाई घेतलं तुम्ही. आईला दिलं, पण घरात कधी न्हाई आणलं."

नाही म्हणायला त्यांना एक वाट होती. बायकोसमोर खरं बोलायचं. मी थांबलो. मोकळी संधी दिली. ती वाट त्यांनी घेतली नाही.

ते प्यायले. डोळे माझ्या खांद्यामागे लावून, घोटाघोटानं. शेवटचा घोट लांब होता. त्यांना तो दोनदा गिळावा लागला, अन् तरी ओठातून काहीतरी बारीक, हिरवं आत ओढलं जाताना मला दिसलं.

"खारट आहे," ते म्हणाले.

"तिला बी लागायचं," मी म्हणालो. "धोंडे वाढ, वंदना."

८

ते दोघं संध्याकाळच्या आत गेले. दुसऱ्या दिवशी मी मधली खोली झाडली. भिंतीवरची रेघ आपोआप गळून पडली होती. सूपभर मीठ निघालं. ते बांधाबाहेर नेऊन टाकलं. दुपारी खाटेवर पडलो तर फक्त ट्रक ऐकू आले. ट्रकसारखे ट्रक. डब्यात तळाशी धूळ होती, कोरडी.

बेबीनंदा कट्ट्यावरून आत डोकावली. "उजेड आल्यासारखा वाटतो घरात."

"आत ये," मी म्हणालो. ती आली.

पाऊस तोंडावर आला होता तेव्हा वंदनाचा फोन आला. सकाळी, मी पाणी पीत होतो तेव्हा.

"दादा, बरे आहात ना?"

"आहे. तू?"

"मी मस्त. खरं सांगू? घरात आई असल्यासारखं वाटून राह्यलं. वास येतो तिचा. झोप अशी लागते, लहानपणी लागायची तशी. ह्यांचंच अवघड आहे. पाणी पीत न्हाईत. घरातलं, ऑफिसातलं, बाटलीतलं, सगळं खारट म्हणतात. मला तर गोड लागतं. डॉक्टर म्हणतात, काहीच न्हाई. अन् झोपेत एकदम उठून बसतात, धाप लागल्यासारखे."

"भिंतीला ओल आली का?"

"तुम्हाला कसं कळलं? झोपायच्या खोलीत आली. पांढरी रेघ, सगळ्या भिंतींना. पेंटर म्हणतो, असली ओल कधी पाह्यली न्हाई."

"किती वर आली?"

"पलंगाच्या जरा खाली."

"पलंगावर कोण झोपतं?"

"मी. पोट वाढलं ना, जागा लागते मला. हे खाली गादी टाकतात."

एक शब्द पुरला असता. वर झोपव त्यांना. माझी लेक मला दिसत होती, तिचा पोटावरचा हात, तिच्या कपाळावरचं कुंकू. कोंबडीही दिसत होती, चोचीतून धार लागलेली. अन् साळू दिसत होती. खाटेवर बसून अनोळखी माणसांना आराम हाय म्हणत होती. ती मेली होती अन् कोणी तिला गप्प बसू देत नव्हतं.

"दादा? ऐकून राह्यले ना?"

फोनमध्ये तिच्या मागून आवाज येत होता. वाढत होता. खडे घासत मागे जात होता.

"तू पलंगावरच झोप," मी म्हणालो. "झोपेत पाय खाली सोडू नको."

"अन् ह्यांचं काय करू? काही तरी सांगा ना."

"काही करू नको," मी म्हणालो. "आराम करू दे त्यांना."

फोन ठेवला. फुलपात्रात थोडं पाणी उरलं होतं. ते संपवलं.

गोड होतं.